पेट्यापासून पंचायत समितीपर्यंत : मुळशीच्या कारभाराची वाटचाल

मुळशी तालुक्याचा कारभार पौडहून चालतो. पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट मागे टाकत पश्चिमेला तिसेक किलोमीटर आले की मुळा नदीच्या काठी हे गाव लागते. तहसील कचेरी, न्यायालय, पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय आणि पंचायत समिती, तालुक्यातल्या माणसाला ज्या ज्या दारात जावे लागते ती सगळी दारे इथे आहेत. कोळवण खोऱ्यातली वाट आणि ताम्हिणी-मुळशीकडची वाट पौडला येऊन मिळते, म्हणून त्या बाजूच्या लोकांना हे ठिकाण सोयीचे. मुठा खोऱ्यातल्या माणसाला मात्र आधी पिरंगुटला यायचे आणि मग पौडकडे वळायचे, असा हेलपाटा पिढ्यान्‌पिढ्या पडत आला. पंचायत समितीचा इतिहास लिहायचा तर या हेलपाट्यापासूनच सुरुवात करावी लागते. कोणता निर्णय गावात होतो, कोणता पौडला, कोणता पुण्याला आणि कोणता मुंबईला, याचीच ही हकीकत आहे.

बारा मावळांच्या नावांत पौड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे येतात. पौड खोऱ्याची देशमुखी ढमाल्यांची, मुठे खोऱ्याची मारण्यांची, मोसे खोऱ्याची पासलकरांची. बाजी पासलकरांचे नाव स्वराज्याच्या पहिल्या पानावर आहे. पश्चिमेला कोराईगड आणि घनगड घाटवाटांवर नजर ठेवून उभे. त्या काळात जमिनीचा, पाण्याचा, वतनाचा वाद उभा राहिला की गावचे पाटील-कुलकर्णी, देशमुख-देशपांडे आणि गोत बसून निवाडा करीत. तो कारभार आजच्या अर्थाने लोकशाही नव्हता. बलुतेदारांना आणि बायकांना तिथे शब्द नव्हता. पण निवाडा खोऱ्यातच होत असे आणि ज्याच्याबद्दल निवाडा तो माणूस समोर उभा असे.

इंग्रजी अमलात हा प्रदेश हवेली तालुक्याला जोडला गेला आणि त्याचा ‘मुळशी पेटा’ झाला. पेटा म्हणजे तालुक्याहून लहान महसुली विभाग. त्यावर मामलेदाराऐवजी महालकरी. पौडला महालकऱ्याची कचेरी आली आणि गावाला सरकारी वजन आले. पण कचेरीचे मुख्य काम वसुलीचे. शाळा, रस्ता, धर्मशाळा, विहीर यांसाठी वेगळा पैसा उभा करायची कल्पना १८६० नंतरची. साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घ्यायचा, त्यातले दोन हिस्से रस्ते-इमारतींना आणि एक हिस्सा शाळांना, अशी ती वाटणी होती. १८६९ च्या कायद्याने तिला कायद्याचा आधार मिळाला. मावळातल्या भातखाचरांवर बसलेला हा एक आणा आजच्या जिल्हा परिषदेच्या उपकराचा पूर्वज आहे. ग्रामीण शाळेचा खर्च सरकारने दयेने चालवला, असे ज्यांना वाटते त्यांनी ही वाटणी लक्षात ठेवावी. आपल्या पणजोबांनी त्याचे पैसे साऱ्याबरोबर मोजून दिले आहेत.

१८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि १८८४ च्या मुंबई लोकल बोर्ड कायद्याने जिल्हा लोकल बोर्डे आणि तालुका लोकल बोर्डे आली. कागदावर हे मोठे पाऊल होते. प्रत्यक्षात अध्यक्षपदी सरकारी अधिकारी, बरेच सदस्य नेमलेले, आणि मत देण्याचा हक्क ठरावीक सारा भरणाऱ्यांपुरता. कुळाला, मजुराला, कातकऱ्याला मत नव्हते. १९२३ चा नवा कायदा आला, मतदार थोडे वाढले, आणि १९३८ मध्ये तालुका लोकल बोर्डे तर बंदच झाली. पुढली चोवीस वर्षे तालुक्याच्या पातळीवर लोकांनी निवडलेली एकही संस्था नव्हती.

या काळातली मुळशीची सगळ्यात मोठी घटना मात्र बोर्डाच्या कोणत्याही सभेत घडली नाही. ती शेताच्या बांधावर घडली.

पहिल्या महायुद्धानंतर टाटा कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी सह्याद्रीखाली कोकणात सोडायचे आणि त्यावर मुंबईसाठी वीज तयार करायची, अशी योजना आखली. पन्नासहून अधिक गावांची भातशेती त्यात जाणार होती. ही शेती म्हणजे आंबेमोहोराची खाचरे, पिढ्यांच्या मेहनतीने दगडी ताली रचून केलेली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे आणि त्यांचे पुण्याचे सहकारी धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट मूळचे पारनेरचे, त्यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव असे कार्यकर्ते तुरुंगात गेले. गावातल्या बायका कामाच्या जागी ठाण मांडून बसल्या आणि त्यांनीही शिक्षा भोगल्या. लढा १९२४ पर्यंत चालला. तो हरला. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच त्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे.

कारभाराच्या इतिहासात या लढ्याची नोंद का घ्यायची, तर त्याने एक पोकळी उघडी पाडली. जमीन घेतली गेली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. मोबदला किती याबद्दल भांडायची सोय त्यात होती. पण ‘मला जमीन द्यायचीच नाही’ असा आक्षेप नोंदवायची सोय त्या कायद्यात १९२१ साली नव्हती. तसा हक्क देणारे ५-अ कलम आले १९२३ मध्ये, तोवर मुळशीचा निकाल लागत आला होता. लोकल बोर्डाला विचारायचे बंधन तर कोणावरच नव्हते. त्यातून बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे गेलेल्या. त्यांनी मोबदल्याला होकार दिला आणि प्रत्यक्ष कसणारे विरोधात उभे राहिले. ज्याचे नाव कागदावर त्याचा शब्द चालतो, ज्याचे हात मातीत त्याचा नाही, हे मावळ्याने तेव्हा फार किंमत मोजून पाहिले.

हे दुःख एकट्या मुळशीच्या वाट्याला आले नाही. इंग्लंडच्या उत्तरेला, आपल्यासारख्याच पावसाळी डोंगराळ मुलखात, हॉजवॉटर नावाचे सरोवर आहे. मँचेस्टर शहराला पाणी हवे म्हणून तिथल्या महापालिकेने १९१९ मध्ये पार्लमेंटकडून कायदा करून घेतला, १९२९ मध्ये धरणाचे काम सुरू झाले आणि १९३५ च्या सुमारास मार्डेल हे गाव पाण्याखाली गेले. चर्चच्या आवारातल्या कबरी उकरून शेजारच्या शाप गावी न्याव्या लागल्या. राज्य करणाऱ्यांच्या स्वतःच्या देशातही डोंगरातल्या गावाचा शब्द शहराच्या तहानेपुढे टिकला नाही. मार्डेल ज्या भागात होते त्याच्या पुढच्या कारभाराची गोष्ट आपल्याला उपयोगाची आहे, ती पुढे येईल.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. विकास गट आले, गटविकास अधिकारी आले, ग्रामसेवक आले. सरकारी माणूस वसुलीखेरीज दुसऱ्या कामासाठी गावात येतो, हे लोकांनी प्रथमच पाहिले. पण योजना वरून येत आणि लोक फक्त घेणारे. बलवंतराय मेहता समितीने नोव्हेंबर १९५७ च्या अहवालात हेच बोट ठेवले आणि तीन पायऱ्यांची लोकनियुक्त व्यवस्था सुचवली. मेहता समितीचा भर मधल्या पायरीवर, म्हणजे गटावर होता. राजस्थानाने तसेच केले. महाराष्ट्राने मात्र वेगळा विचार केला. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने जून १९६० मध्ये महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १५ मार्च १९६१ रोजी अहवाल दिला आणि वजन जिल्हा परिषदेच्या पारड्यात टाकले. जिल्हा एवढा मोठा असला तरच चांगले अधिकारी, अभियंते आणि पुरेसा पैसा एका छताखाली येईल, असा त्यामागचा विचार होता. महाराष्ट्र जिल्हा परिषद आणि पंचायत समिती अधिनियम, १९६१ हा कायदा १ मे १९६२ पासून अमलात आला. जिल्हा लोकल बोर्ड, जिल्हा स्कूल बोर्ड, जिल्हा इमारत समिती या जुन्या संस्था त्यात विरून गेल्या. पौडला पंचायत समिती आली ती या कायद्याने.

नाईक समितीचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर साठ वर्षे वाद चालला आहे. बोंगिरवार समिती १९७० मध्ये, प्रा. पी. बी. पाटील समिती १९८४ मध्ये, अशा समित्या त्यानंतरही बसल्या. माझे मत असे, की सुरुवातीच्या काळासाठी तो निर्णय योग्यच होता. मुळशीसारख्या दुर्गम तालुक्याला शाळामास्तर, डॉक्टर, पशुवैद्य आणि अभियंता जिल्हा परिषदेच्या बळावरच मिळाले. एकट्या गटाला ते झेपले नसते. पण त्याची किंमतही आहे. पंचायत समितीला स्वतःचा कर लावता येत नाही. तिच्या हातातला पैसा जिल्हा परिषदेचे अनुदान, शासनाच्या योजना आणि उपकराचा, म्हणजे सेसचा, थोडासा वाटा एवढाच. मुळशीत जमिनीचे व्यवहार वाढले तसे मुद्रांक शुल्कावरच्या अधिभाराचे महत्त्व वाढले, पण तो मिळतो जिल्हा परिषदेला आणि ग्रामपंचायतींना. मधली पायरी तशीच हात पसरून.

सुरुवातीच्या रचनेत तालुक्यातून निवडून गेलेले जिल्हा परिषद सदस्य पंचायत समितीवर बसत आणि त्यांच्याबरोबर ग्रामपंचायत सदस्यांनी निवडून दिलेले सदस्य असत. पुढे सदस्य थेट मतदानाने येऊ लागले. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक निवडणूक गटाचे दोन गण, आणि गणातून पंचायत समितीचा एक सदस्य. सभापती, उपसभापती त्यांच्यातूनच निवडायचे, गटविकास अधिकारी पदसिद्ध सचिव. उपसभापती हा सरपंच समितीचा अध्यक्ष असतो, ही तरतूद फार जणांना ठाऊक नसते. आळीपाळीने काही सरपंच तिथे बसतात आणि आपल्या गावांची कामे मांडतात. ही समिती नियमित भरली तर ग्रामपंचायत आणि पंचायत समिती यांच्यातली दरी बरीच बुजते. कोणत्याही तालुक्यात ती किती नियमाने भरते यावरून तिथल्या कारभाराची परीक्षा करावी.

मासिक सभेत नेमके काय होते, ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. एक साधे काम घेऊ. ओढ्यापलीकडच्या वाडीला साकव हवा आहे. पावसाळ्यात ओढा भरला की मुले शाळेला मुकतात, बाळंतीण अडकते. आधी ग्रामसभेचा ठराव होतो. ग्रामपंचायत अधिकारी तो प्रस्तावासह पौडला पाठवतो. बांधकाम उपविभागाचा शाखा अभियंता जागा पाहतो, पाण्याचा फुगवटा विचारतो, अंदाजपत्रक तयार करतो. मग प्रश्न येतो पैसा कोणत्या शीर्षातून. डोंगरी विकास कार्यक्रम, जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदार निधी की सेस फंड? त्यावर तांत्रिक मान्यता कोण देणार आणि प्रशासकीय मान्यता कोण, हे ठरते. काम मंजूर झाले आणि ठेकेदार मिळाला तरी खडी-सिमेंट वाडीपर्यंत न्यायला रस्ता हवा, आणि हंगाम साधला नाही तर जूनच्या पहिल्या पावसात काम वर्षभर लांबते. या साखळीतली एक कडी निसटली की वाडी आणखी एक पावसाळा ओढ्याकडे बघत बसते. सदस्य सभेत उठून ‘साहेब, त्या साकवाचे काय झाले?’ असे तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा ते कुरकुरणे वाटते. पण पुष्कळ साकव त्या तिसऱ्या प्रश्नामुळेच झाले आहेत. इतिवृत्तात तो प्रश्न नोंदला जातो, उत्तर देणाऱ्याचे पद नोंदले जाते, आणि पुढच्या सभेत अनुपालन अहवाल द्यावा लागतो. वर्षातून एकदा आमदारांच्या अध्यक्षतेखाली आमसभा होते, तिथे तर गावचा कोणीही माणूस उभा राहून खातेप्रमुखाला विचारू शकतो.

दुसरे काम पाण्याचे. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण मुळशीत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो, तो उताराने वाहून जातो, आणि उन्हाळ्यात वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. मुळशी धरणाचे पाणी पश्चिमेला भिऱ्याकडे जाते, टेमघरचे पुण्याकडे. टंचाई आराखडा पंचायत समितीत तयार होतो. कोणत्या वाडीला टँकर, कुठे विंधन विहीर, कुठल्या नळ योजनेची दुरुस्ती, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या माहितीवर ठरते. ही माहिती खरी असली तर एप्रिल-मे निभतो. धरणाच्या कडेने राहणाऱ्या माणसाने टँकरची वाट पाहावी, याची आपल्या संस्थेला कधीही सवय होऊ नये.

तिसरे काम घरांचे, आणि त्यात सगळ्यात मागे राहिले ते कातकरी. इंदिरा आवास योजना होती, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना आली, नोव्हेंबर २०२३ पासून कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठी जनमन अभियान आले. पैसा आहे, पण घर बांधायला जागा नावावर लागते. कातकरी कुटुंब तीन पिढ्या ज्या माळावर झोपडी करून राहते तो माळ दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असतो, नाहीतर वनखात्याचा. जातीचा दाखला नाही, शिधापत्रिका नाही, मुलाच्या जन्माची नोंद वीटभट्टीच्या गावी राहून गेलेली. अशा कुटुंबाची फाईल पुरी करायची तर विस्तार अधिकाऱ्याला तहसील, वनखाते, ग्रामपंचायत आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय असे चार उंबरे झिजवावे लागतात. ज्यांनी हे मनापासून केले, त्या ग्रामसेवकांचे आणि विस्तार अधिकाऱ्यांचे ऋण हा तालुका मानतो. १९२१ साली ज्याचे हात मातीत त्याचे नाव कागदावर नव्हते. कातकऱ्यांच्या बाबतीत ती स्थिती अजून पुरती पालटलेली नाही.

शाळांबद्दल थोडक्यात सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळा मुळशीच्या अगदी टोकाच्या वाड्यांपर्यंत पोचल्या. आता पटसंख्या घटली म्हणून शाळा बंद करण्याचे प्रस्ताव येतात. शहरातल्या हिशेबाने दहा मुलांची शाळा परवडत नाही. पावसाळ्यात दोन ओढे ओलांडून सात वर्षांच्या मुलाने पुढच्या गावी जायचे, हा हिशेब मात्र पंचायत समितीनेच मांडायला हवा, दुसरे कोणी मांडणार नाही.

१९९० नंतर मुळशीचा पूर्वभाग झपाट्याने बदलला. हिंजवडी, माण, मारुंजी परिसरात औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले. पिरंगुट-उरवड्यात कारखाने आले. पश्चिमेला आंबवण्याजवळ अँबी व्हॅली उभी राहिली. मोसे खोऱ्यात लवासा हे खासगी शहर आले आणि २००८ मध्ये शासनाने ते उभारणाऱ्या कंपनीलाच तिथल्या गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. पुढे २०१७ मध्ये तो अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेला. हे प्राधिकरण ३१ मार्च २०१५ रोजी स्थापन झाले आणि मुळशी तालुका त्याच्या कक्षेत आला. बांधकाम परवानगी, विकास आराखडा, रस्त्यांची आखणी, हे सगळे त्यामुळे पौडच्या बाहेर ठरू लागले.

एकाच तालुक्यात महामंडळ, प्राधिकरण, एके काळी एक खासगी कंपनी, आणि त्यांच्यामध्ये लोकांनी निवडलेली पंचायत समिती. इमारत कुठे उभी राहावी हे ठरवायचा अधिकार पहिल्या तिघांकडे, आणि त्या इमारतीत राहायला आलेल्या मजुराच्या मुलाला शाळा, त्याच्या बायकोला प्रसूतीची सोय, वस्तीला पाणी आणि कचऱ्याची व्यवस्था यांची जबाबदारी पंचायत समितीकडे आणि ग्रामपंचायतीकडे. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या १ लाख ७१ हजारांच्या आसपास होती. हिंजवडी पट्ट्यात भाड्याने राहणारे, रोज येणारे-जाणारे यांचा भार त्याखेरीज. ही विभागणी मला अन्यायाची वाटते.

इथे मार्डेलच्या मुलखाची गोष्ट पाहण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये १९७२ च्या कायद्याने स्थानिक कारभाराची फेररचना झाली आणि १ एप्रिल १९७४ रोजी ‘ईडन’ नावाचा जिल्हा अस्तित्वात आला. मुख्य ठिकाण पेनरिथ. तिथला ‘जिल्हा’ म्हणजे आपल्या तालुक्यासारखी खालची पायरी, वर परगण्याची काउंटी कौन्सिल. कामांची वाटणी आपल्याहून नेमकी उलटी. शाळा आणि मोठे रस्ते काउंटीकडे, तर बांधकाम परवानगी, घरे, कचरा, मतदारयाद्या आणि घरपट्टीसारख्या कौन्सिल टॅक्सची वसुली जिल्ह्याकडे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवानगीचा अधिकार उद्यानाच्या प्राधिकरणाकडे, एवढा अपवाद. म्हणजे उद्यानाबाहेरच्या गावात कोणती इमारत व्हावी यावर पेनरिथला निवडून आलेला माणूस मत देत असे. आपल्या सभापतींना हा अधिकार कधीच नव्हता.

पण अधिकार होते म्हणून ती संस्था टिकली, असेही झाले नाही. १ एप्रिल २०२३ रोजी ईडन जिल्हा बरखास्त झाला आणि आणखी दोन जिल्ह्यांबरोबर वेस्टमोरलँड अँड फर्नेस या एकाच मोठ्या प्राधिकरणात विलीन झाला. खर्च वाचेल, काम सुटसुटीत होईल, ही त्यामागची कारणे. पेनरिथच्या ग्रामीण लोकांना आपला सदस्य दूर गेल्याची खंत वाटली असेल, तर ती मुळशीला समजण्यासारखी आहे. ३० जून २०२१ रोजी सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही आपली गावे पुणे महापालिकेत गेली. ग्रामपंचायती संपल्या, दप्तर हस्तांतरित झाले, गणांची गणिते बदलली. तिथल्या माणसाला आता दाखल्यासाठी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जायचे. सुविधा वाढल्या तर आनंदच आहे. पण मोठ्या शहरात विलीन झालेल्या गावाला आपला प्रश्न मांडायला ग्रामसभा उरत नाही, हे नुकसान कोणत्या अंदाजपत्रकात दिसत नाही.

सभागृहाचा चेहरामोहरा बदलला तो आरक्षणाने. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे आल्या, आणि महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ पासून ते प्रमाण निम्म्यावर आले. सुरुवातीला ‘पतिराज’ चालते अशी टीका झाली आणि ती काही ठिकाणी खरीही होती. पण अंगणवाडी, पोषण आहार, पाणी, बाळंतपण हे विषय सभेच्या पत्रिकेत वर सरकले ते या सदस्यांमुळे. ज्या बायकांनी शंभर वर्षांपूर्वी धरणाच्या जागी ठाण मांडले त्यांच्या नातवंडांच्या पिढीला सभापतीच्या खुर्चीचा हक्क कायद्याने मिळाला, याचे मोल मी फार मोठे मानतो.

घटनादुरुस्तीने दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली. त्याआधीचा अनुभव वाईट होता. १९७९ नंतरची निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. पैशाच्या बाबतीत मात्र घटनादुरुस्तीनंतरही मधल्या पायरीची परवड झाली. चौदाव्या वित्त आयोगाने, म्हणजे २०१५ ते २०२० या काळात, सगळे अनुदान ग्रामपंचायतींना दिले. पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या वाट्याला काहीच आले नाही. ‘आम्ही नुसते शिफारशी करायला निवडून आलो का?’ असे पंचायत समितीचे सदस्य तेव्हा बोलत. पंधराव्या आयोगाच्या काळात राज्याने ग्रामपंचायतींना ८० टक्के आणि वरच्या दोन संस्थांना प्रत्येकी १० टक्के अशी वाटणी केली. दहा टक्के थोडे आहेत, तरी त्यामुळे सदस्याला आपल्या गणातले एखादे काम स्वतःच्या सहीने सुचवता आले.

आणि मग पुन्हा खंड पडला. २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात, गट-गणांची रचना बदलत राहिली, निवडणुका लांबल्या. गटविकास अधिकारी प्रशासक झाले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या स्थानिक निवडणुका घेण्याचे आदेश दिले, तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. या काळात अधिकाऱ्यांनी काम थांबवले नाही, पगार झाले, घरकुले मंजूर झाली, टँकर गेले. पण प्रश्न विचारणारा सदस्य समोर नव्हता. साकवाबद्दल तिसऱ्यांदा विचारायला कोणी नव्हते, आणि अनुपालन अहवाल मागायलाही. प्रशासक स्वतःच प्रस्ताव ठेवणार आणि स्वतःच मंजूर करणार, अशी ती अवस्था.

पौडच्या सभागृहातल्या सदस्यांपुढे ठेवण्यासारख्या तीन मागण्या या इतिहासातूनच निघतात. महानगर प्रदेश विकास प्राधिकरण मुळशीतल्या ज्या गृहप्रकल्पांना परवानगी देते त्यांची यादी दर तिमाहीला पंचायत समितीकडे यावी, म्हणजे शाळेच्या खोल्या, अंगणवाडी आणि पाणी यांचा विचार आधी करता येईल. तालुक्यातल्या व्यवहारांवरच्या मुद्रांक शुल्क अधिभाराचा ठरावीक हिस्सा मधल्या पायरीला मिळावा, यासाठी जिल्हा परिषदेकडे आणि शासनाकडे ठराव जावा. आणि कातकरी वस्त्यांच्या जागांची गाववार नोंद, कोणत्या गटनंबरात किती घरे, जागा कोणाच्या नावे आणि प्रस्ताव कोणत्या कचेरीत अडला आहे एवढी माहिती असलेली, प्रत्येक मासिक सभेच्या टेबलावर असावी.